संस्थेची घटना लिहिताना कारभाराची पद्धत कशी ठरवावी

आमच्या गावातल्या वाचनालयाची घटना मी पहिल्यांदा नीट वाचली ती भांडण विकोपाला गेल्यावर. पिवळे पडलेले सात टंकलिखित कागद. कलम ११ मध्ये आमच्या वाचनालयाच्या जागी भलत्याच गावच्या एका संस्थेचं नाव होतं. कुणीतरी तिकडची घटना आणून उतरवून घेतली होती आणि त्या एका ठिकाणी नाव बदलायचं राहून गेलं होतं. कलम १४ च्या शेवटी लिहिलं होतं, ‘याबाबत अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील.’ पण अध्यक्षाला काढायचं कसं, हे सात कागदांत कुठेच नव्हतं.

अध्यक्ष आणि सरचिटणीस यांचं बिनसलं, तेव्हा दोघांनी आपापली सर्वसाधारण सभा घेतली, आपापली कार्यकारिणी निवडली आणि आपापला बदल अहवाल, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची नोंद, धर्मादाय कार्यालयात दाखल केला. बँकेने खातं गोठवलं. ग्रंथपालबाईंचा पगार चौदा महिने अडला. त्या रोज सकाळी आठला येऊन कुलूप उघडत होत्या, पण वर्तमानपत्रांचं बिल थकल्यामुळे टेबलावर ठेवायला पेपर नव्हते. शेवटी समझोता झाला. त्यात एक अट होती: नवी घटना लिहायची. त्या मसुदा समितीत मी होतो. नंतर एका देवस्थानाच्या, एका महिला मंडळाच्या आणि परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या घटनेच्या कामातही हातभार लावला. त्यातून हाती लागलेली कामाची रीत इथे सांगतो.

आधी निर्णयांच्या चिठ्ठ्या करा

बहुतेक जण अध्यक्षापासून सुरुवात करतात. अध्यक्ष एक, उपाध्यक्ष दोन, सरचिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, सदस्य सात. ही यादी दहा मिनिटांत होते आणि घटना झाल्यासारखं वाटतं. तसं करू नका. पहिल्या बैठकीत पदाचं नावही काढू नका.

त्याऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या घ्या आणि तुमच्या संस्थेत गेल्या दहा वर्षांत जे निर्णय घ्यावे लागले ते एकेका चिठ्ठीवर लिहा. आमच्या चाळीस चिठ्ठ्या झाल्या. पुस्तकं कोणती घ्यायची, शिपाई नेमायचा का, वर्गणी वाढवायची का, सभागृह लग्नाला भाड्याने द्यायचं का, राजकीय सभेला द्यायचं का, मागची मोकळी जागा विकायची का, एखाद्या सभासदाला काढून टाकायचं का. मग त्यांचे तीन ढीग करा: रोजचे, वर्षाचे आणि पिढीतून एकदाचे.

रोजच्या निर्णयाला एक माणूस लागतो आणि तो चटकन मिळावा लागतो. नळ फुटला तर प्लंबर बोलवायला ठराव करत बसता येत नाही. वर्षाचे निर्णय, म्हणजे अंदाजपत्रक, वर्गणी, नेमणुका, हे सात ते पंधरा जणांनी समोरासमोर बसून घेतलेले बरे. जमीन विकणं, संस्थेचा उद्देश बदलणं, दुसऱ्या संस्थेत विलीन होणं, हे मात्र सगळ्या सभासदांचं काम आहे आणि तेही घाईने न होणारं. हे ढीग समोर असले की पद्धतीची निम्मी निवड झालेली असते, कारण कोणत्या हातात काय द्यायचं ते दिसायला लागतं.

मग सभासद कोण, ते ठरवा

लोक हे कलम पाच मिनिटांत उरकतात. माझ्या मते सगळ्या घटनेत सगळ्यात जास्त वेळ याच कलमावर द्यायला हवा. कारभार लोकशाहीने करा नाहीतर विश्वस्तांकरवी करा, मतदारयादी ज्याच्या हातात, संस्था त्याच्या हातात.

आपल्याकडचा जुना दाखला बघा. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली उभी राहिली, तीसुद्धा पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या नाराजीतून. सभासद व्हायचं तर निदान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे सभेत बसलेला प्रत्येक जण पन्नास जणांच्या वतीने बोलत होता. मताचा हक्क कुणाला नाही अशा काळात प्रतिनिधित्वाचा हा विचार किती पुढचा होता! तरीही १८९५ मध्ये टिळकांच्या बाजूच्या लोकांनी व्यवस्थापक मंडळात बहुमत मिळवलं आणि सभा रानडे-गोखल्यांच्या हातून गेली. त्यांनी १८९६ साली डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. कुणाची बाजू खरी यात मी जात नाही. इतक्या थोर माणसांच्या संस्थेतही बहुमत फिरलं की हरलेल्यांना दुसरं घर बांधावं लागतं, एवढं घटना लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यावं.

म्हणून या कलमात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. सभासदत्व कोण देतं? ते कार्यकारिणी देत असेल तर ती आपले मतदार आपणच निवडते. त्यामुळे नाकारलेल्या अर्जदाराला सर्वसाधारण सभेकडे दाद मागता आली पाहिजे आणि नाकारण्याचं कारण लेखी मिळालं पाहिजे. नव्या सभासदाला मत कधीपासून? आम्ही एक वर्ष ठेवलं, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर एकगठ्ठा वर्गण्या भरून कुणी दोनशे माणसं आणली तरी ती त्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत. वर्गणी थकली तर मत जातं का, आणि जाण्याआधी त्याला कळवायचं कसं? आणि चौथी, कायम दुर्लक्षित गोष्ट: मतदारयादी कोणत्या तारखेला गोठते आणि ती सगळ्यांना बघायला कुठे लावायची. आमच्या घटनेत ती जागा नावानिशी लिहिली आहे: वाचनालयाच्या पुढच्या दारावरचा फलक.

आता पद्धती समोर मांडा

खरं तर मूळ पद्धती चारच. नावं काहीही असोत.

पहिली, सगळ्यांच्या सभेची. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचं, शंभरेक घरांचं गाव या पद्धतीसाठी सगळीकडे माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क २००९ मध्ये या गावाला मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याचं नाव घेतलं जातं. सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा कारभार त्या सभेकडे आला.

पण मेंढ्याची नक्कल करू म्हणणाऱ्यांना तिथला अभ्यासगट दिसत नाही. विषय आधी अभ्यासगटात येतो, तिथे माहिती गोळा होते, बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारले जातात, तासन्‌तास चर्चा होते, आणि अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा. ही विभागणी नसती तर सर्वसहमती म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाची सहमती झाली असती. तुमचे सभासद एका वस्तीत राहत असतील, महिन्यातून एकदा सहज जमत असतील आणि विषय पुढे ढकलल्याने लगेच नुकसान होणार नसेल, तरच ही पद्धत घ्या. वर्षातून एकदा गणपतीला भेटणाऱ्या मंडळाला ती पेलणार नाही.

दुसरी, समितीची. सभासद कार्यकारिणी निवडतात आणि कार्यकारिणी आपल्यातून अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडते. आपल्या देशाची संसदीय पद्धत हीच.

तिसरी, थेट अध्यक्षाची. अध्यक्षाला सगळे सभासद थेट निवडतात, कार्यकारिणी वेगळी निवडली जाते.

या दोहोंतला फरक महाराष्ट्रातल्या खेड्यांनी स्वतः अनुभवला आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांमधून निवड सुरू झाली, आणि २०२२ मध्ये परत थेट निवड आली. दोन्ही बाजूंचा अनुभव गावातल्या कुणालाही विचारा. सदस्यांमधून निवड असली की फोडाफोडी, सहलीला नेऊन ठेवणं, अडीच-अडीच वर्षांचा वाटा. थेट निवड असली की सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्या पॅनलचं, आणि मासिक सभेत एकही ठराव पुढे सरकत नाही.

हाच पेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना सोडवून दाखवला. त्यांचं म्हणणं असं: लोकशाहीतल्या कारभाऱ्यांत स्थैर्य हवं आणि जबाबदारीही हवी, आणि दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, कारण अध्यक्ष मुदतभर हलत नाही. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून कारभाऱ्यांची झडती रोज होते आणि निवडणुकीत पुन्हा होते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली. आमच्या समितीत हा उतारा मी मोठ्याने वाचून दाखवला होता. त्यानंतर थेट अध्यक्षाचा आग्रह धरणारे दोघे जण गप्प झाले नाहीत, पण त्यांचा प्रश्न बदलला. ‘खंबीर माणूस कसा आणायचा’ याऐवजी ते विचारू लागले, ‘तो चुकला तर त्याला मधेच विचारणार कोण?’

चौथी पद्धत विश्वस्तांची किंवा आजीव सभासदांची. ज्यांनी आयुष्य संस्थेला दिलं त्यांच्याच हाती कारभार. १८८४ साली स्थापन झालेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी याचं ठळक उदाहरण. थोड्या पगारात शिकवण्याचं व्रत घेतलेले आजीव सभासदच तिचे कारभारी. या पद्धतीत ध्येय टिकतं, संस्था निवडणुकीच्या राजकारणापासून लांब राहते. पण भांडण झालं तर ते घरातल्या भांडणासारखं होतं, कारण वर दाद मागायला कुणी नसतं. बाहेरची कामं नि मिळकत या प्रश्नावरून सहकाऱ्यांशी वाद वाढला आणि १८९० मध्ये टिळकांनीच राजीनामा देऊन संस्था सोडली. देवस्थान, शाळा, अनाथाश्रम, म्हणजे जिथे संस्थेचा लाभ घेणारे आणि ती चालवणारे वेगळे आहेत, तिथे विश्वस्त पद्धत योग्य. मात्र विश्वस्त मरेपर्यंत नकोत. मुदत घाला.

तुमची संस्था एकाच गावापुरती नसून अनेक शाखांची असेल तर औंध संस्थानाचा प्रयोग वाचून काढा. ७२ खेड्यांच्या त्या छोट्या संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये सत्ता प्रजेकडे सोपवणारी घटना लागू केली. महात्मा गांधींचा सल्ला, राजांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचे कष्ट तिच्यामागे होते. रचना खालून वर: गाव आपली पंचायत निवडणार, गावपंचायतींतून तालुक्याची, तालुक्यांतून मध्यवर्ती सभा. माणूस ज्याला ओळखतो त्यालाच मत देतो, हा याचा मोठा गुण. उणीव अशी की वरच्या थरातला माणूस खालच्या सभासदाला थेट जबाबदार राहत नाही. शाखांच्या संस्थेत म्हणून हिशेब तपासनीस तरी सगळ्या सभासदांनी थेट निवडावा.

निवड करायची वेळ

मला कुणी एकच उत्तर मागितलं तर सांगेन: पन्नास ते पाचशे सभासद, एखादी इमारत, एक-दोन पगारी माणसं, अशा संस्थेने दुसरी पद्धत घ्यावी. कार्यकारिणी सभासदांनी निवडावी, पदाधिकारी कार्यकारिणीने निवडावेत, आणि ‘पिढीतून एकदाचा’ ढीग सर्वसाधारण सभेने स्वतःकडे ठेवावा. पन्नासच्या आत असाल आणि सतत भेटत असाल तर पहिली पद्धत मनापासून करून बघा. तिच्यात माणसं जशी घडतात तशी इतर कुठे घडत नाहीत. थेट अध्यक्ष मी लहान संस्थेला कधीच सुचवत नाही.

एक गोष्ट टाळा: थोडं याचं, थोडं त्याचं. थेट निवडलेला अध्यक्ष, शिवाय कार्यकारिणीने निवडलेला कार्याध्यक्ष, शिवाय तहहयात मुख्य विश्वस्त, असं त्रिकूट एका घटनेत मी पाहिलं आहे. तिघांनाही बँकेत सहीचा अधिकार होता.

लगाम लिहा

पद्धत कोणतीही घ्या, ती चालते लगामांवर.

अविश्वास ठरावाचं कलम हवंच. तो फक्त पाडापाडीसाठी वापरला जाऊ नये म्हणून जर्मनीच्या १९४९ च्या घटनेतली युक्ती आम्ही उचलली. तिथे पंतप्रधानाला, म्हणजे चान्सेलरला, हटवायचं तर त्याच ठरावात त्याच्या जागी कोण हे ठरवावं लागतं. आमचं कलम असं आहे: ‘अविश्वास ठरावाच्या सूचनेत पर्यायी पदाधिकाऱ्याचं नाव व त्याची लेखी संमती असल्याशिवाय ती सूचना दाखल करून घेतली जाणार नाही.’ नुसता राग काढायला जमलेली माणसं एका नावावर एकत्र येत नाहीत, आणि आली तर बदल व्हायलाच हवा.

सभा बोलावण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षाकडे ठेवू नका. आमच्या जुन्या घटनेतली खरी खोट ही होती. एक दशांश सभासदांनी लेखी मागणी केली आणि तीस दिवसांत सभा बोलावली गेली नाही, तर त्या सभासदांनाच सभा बोलावता यावी, असं लिहा.

गणसंख्येच्या, म्हणजे सभेला निदान किती सभासद हजर हवेत याच्या, कलमाकडे डोळे उघडे ठेवून बघा. ‘गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात आली’ हे वाक्य आपल्या प्रत्येक इतिवृत्तात असतं. अर्ध्या तासाने बसलेली नऊ माणसं मग काहीही मंजूर करू शकतात. नेहमीच्या विषयांना ही सोय ठेवा, पण जमीन विकणं, कर्ज काढणं, घटनादुरुस्ती हे विषय तहकूब सभेत येणार नाहीत, असं स्पष्ट लिहा.

कार्यकारिणी एकदम सगळी बदलू नये. राज्यसभेत दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात तशी सोय केली तर कामाची माहिती असलेलं कुणीतरी कायम राहतं. सलग दोन मुदतींनंतर एक मुदत विश्रांती सक्तीची करा. आणि हिशेब तपासनीस सर्वसाधारण सभेने नेमावा, ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांनी नव्हे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणीला निदान सात जण लागतात, आणि अशा संस्थेची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही होते. संस्थेचा उद्देश बदलायचा तर १८६० च्या कायद्याने तीन पंचमांश मतं आणि एका महिन्यानंतरच्या दुसऱ्या सभेत पुन्हा तितकीच मतं लागतात. हे तुमच्या मसुद्यात त्याहून सैल करता येणार नाही. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. ही जबाबदारी कोणत्या पदाधिकाऱ्याची ते घटनेत नाव घेऊन लिहा. गृहनिर्माण सोसायटी असाल तर आदर्श उपविधींमुळे, म्हणजे सरकारी नमुना नियमांमुळे, तुम्हाला मोकळीक फार थोडी आहे. मसुदा पूर्ण झाल्यावर वकिलाला दाखवा. आधी दाखवलात तर तो आपल्या कपाटातला तयार मसुदा काढून देईल.

मसुद्याची तालीम

आम्ही मसुदा घेऊन एका रविवारी बसलो आणि संकटं घातली. अध्यक्ष अचानक वारले. मुदत संपली पण निवडणूक झाली नाही. चिटणीस इतिवृत्ताची वही द्यायला तयार नाही. कार्यकारिणीतले निम्मे एकदम राजीनामा देतात. प्रत्येक वेळी एकाने घटना हातात घेऊन उत्तर कलमातून शोधायचं, ‘आपण समजून घेऊ’ असं म्हणायला बंदी. तीन तासांत अकरा भोकं सापडली. सगळ्यात मोठं म्हणजे मुदत संपलेल्या कार्यकारिणीचे अधिकार. आता कलम आहे की मुदत संपल्यावर ती फक्त पगार, वीजबिल आणि निवडणूक एवढंच बघेल आणि ९० दिवसांनंतर तेही नाही.

मग मसुदा लोकांत सोडा. भारताच्या घटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि घटना समितीत चर्चेला येईपर्यंत सुमारे आठ महिने लोकांसमोर होता. आम्ही दोन महिने ठेवला, मोठ्या अक्षरात छापून, पेपरच्या टेबलाशेजारी दोरीने बांधून, सोबत एक वही. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी वहीत लिहिलं, ‘सभेची नोटीस पोस्टाने पाठवल्याचा दाखला ठेवावा.’ ते आम्हा पाचांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

जुन्यातून नव्यात जाताना

शेवटचं कलम संक्रमणाचं. नवी घटना मंजूर झाली, पण पहिली निवडणूक कोण घेणार? जुनी कार्यकारिणी घेत असेल तर तीच मतदारयादीवर बसलेली असते. भारताच्या घटनेत याचं उत्तर आहे. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली आणि बाकी कलमं २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली, पण नागरिकत्वाची आणि निवडणूक आयोगाची कलमं अनुच्छेद ३९४ नुसार २६ नोव्हेंबरलाच अमलात आली. आधी नागरिक कोण आणि निवडणूक कोण घेणार, मग बाकीचं. आम्ही तोच क्रम धरला. मंजुरीच्या सभेतच दोन कलमं लागू केली: सभासदयादीचं आणि निवडणूक अधिकाऱ्याचं. निवडणूक अधिकारी म्हणून दोन्ही गटांबाहेरच्या एका निवृत्त शिक्षिकेचं नाव त्याच सभेत ठरलं. त्यांनी तीन आठवडे यादीतल्या एकेका घरी जाऊन नावं तपासली. त्यात एकोणीस सभासद मयत निघाले. मागच्या दोन्ही सभांच्या हजेरीपटावर त्यांतल्या सहा जणांच्या सह्या होत्या.